'हे ब्वा' म्हणजे करून बघ

(हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले 'ॲक्च्युअली' निम्मे कापलेत. उरलेले चालवून घ्या. कोरियन शब्द देवनागरीत लिहिलेत, त्यामुळे उच्चार जवळपासचा आहे, तंतोतंत नाही.)

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला होता: क्लास न लावता कोरियन कसं शिकलास? मी उत्तर टाळत होतो, कारण ते तितकंसं हिरोगिरीचं नाहीये. तीन वर्षं मी मेहनत केली, परीक्षेत आपटलो, आणि मग अकरावीतल्या माझ्या चुलत बहिणीने मला एका वाक्यात दाखवलं की मी काय चुकतोय. तीही अशी मुलगी, जिला मी वर्षभर आधी सांगितलं होतं की हे तुझं काम नाही. तर आज ते सांगतो.

सुरुवात २०२०ची, लॉकडाऊनमधली. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' बघितली, हसू नका, अर्ध्या भारताने बघितली. सबटायटल वाचता वाचता वाटलं, हे लोक बोलतात ते ऐकायला आलं तर? मी सॉफ्टवेअरवाला माणूस. नवीन प्रोग्रामिंग लँग्वेज शिकायची तर डॉक्युमेंटेशन उघडायचं आणि भिडायचं, एवढंच माहीत. तसंच केलं. एक ॲप घेतलं, एक इंग्लिश व्याकरणाचं पुस्तक घेतलं आणि वहीत सगळं रोमन लिपीत लिहायला लागलो.

ही पहिली घोडचूक. दोन महिने मी 'सेऊल' म्हणत होतो. इंग्लिश स्पेलिंगमध्ये ई-ओ दिसतं ना, त्यामुळे. प्रत्यक्षात ते दोन अक्षरांचं मिळून एकच स्वर दाखवणं आहे, साधारण आपल्या 'ऑफिस'मधल्या ऑसारखा. शब्द आहे 'सॉ-उल'. रोमनमध्ये शिकलं की डोळा वाचतो इंग्लिश आणि जीभ बोलते भलतंच. तुम्ही आज सुरू करणार असाल तर रोमन लिपीला हातसुद्धा लावू नका. पहिल्या आठवड्यात हांगुल शिका, कोरियन लिपी. सोपी आहे, आणि आपल्याला तर जास्तच.

का, ते सांगतो. राजा सेजोंगने ही लिपी १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. आज मूळ अक्षरं २४ आहेत, १४ व्यंजनं आणि १० स्वर. यातल्या पायाच्या व्यंजनांचा आकार तोंडाच्या आत काय होतं त्यावरून घेतलाय. 'ग'चं अक्षर म्हणजे जिभेचा मागचा भाग वर उचललेला. 'न'चं अक्षर म्हणजे जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकलेलं. 'म' म्हणजे चक्क एक चौकोन, तोंड. आणि 'ग'च्या अक्षरात एक रेघ वाढवली की 'ख' होतो. आता शाळेतला व्याकरणाचा तास आठवा. कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य. इंग्लिशमधून शिकणाऱ्या माणसाला हे 'वॉव' वाटतं. आपल्याला वाटायला हवं की अरे, हे तर आपण पाठ केलंय. पण मला तेव्हा तसं वाटलंच नाही, कारण मी कोरियनकडे बघताना मराठी पूर्ण बंद करून बसलो होतो.

त्यामागे माझी एक सवय आहे. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, मावळातल्या गावात. बीटेकच्या पहिल्या वर्षाला आलो तेव्हा लेक्चर इंग्लिश, पुस्तकं इंग्लिश. मराठी मिडियमची मुलं मागच्या बाकावर एका विशिष्ट प्रकारे गप्प असतात, ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल. मी ठरवलं होतं की विचारसुद्धा इंग्लिशमध्ये करायचा. चार वर्षांत ते जमलं. मग काहीही नवीन शिकायचं म्हणजे इंग्लिशमधून शिकायचं, हे डोक्यात पक्कं झालं. मराठी घरी फोनवर बोलायला.

एक मिनिट, लिपीवरून एक नर्डी गोष्ट सांगून टाकतो, कंटाळा आला तर पुढे ढकला. हांगुलचं प्रत्येक अक्षर म्हणजे सुरुवातीचं व्यंजन, मधला स्वर आणि शेवटचं व्यंजन यांचा ठोकळा. सुरुवातीला १९ पर्याय, मध्ये २१, शेवटी २८, म्हणजे २७ आणि एक 'काहीच नाही'. गुणा: ११,१७२. युनिकोडमध्ये बरोबर तेवढीच तयार अक्षरं ओळीने ठेवलेली आहेत, ४४०३२ या क्रमांकापासून. कुठलंही अक्षर भागाकार-बाकी करून सुटं करता येतं. मी त्याची छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. त्या रात्री कोरियनचा एक शब्दही शिकलो नाही, पण फार आनंद झाला.

असो. तर २०२२ मध्ये टोपिकची पहिली पायरी दिली. टोपिक म्हणजे कोरियनची सरकारी परीक्षा. पहिल्या पेपरमधून लेव्हल एक आणि दोन मिळतात, दुसऱ्यातून तीन ते सहा. मला लेव्हल दोन मिळाली. २००पैकी १४० लागतात, मिळाले. स्टेटस टाकलं, सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी दिले.

ते स्टेटस बघून काकांच्या मुलीचा फोन आला. तेव्हा ती दहावीत होती, तालुक्याच्या शाळेत, मराठी माध्यम. बीटीएसची फॅन. म्हणाली, "दादा, मला पण शिकव ना." आणि मी काय म्हणालो माहितीये? "आधी इंग्लिश पक्कं कर. सगळं मटेरियल इंग्लिशमध्ये आहे, तुला झेपायचं नाही."

ती "बरं" म्हणाली. फोन ठेवला.

पुढच्या वर्षी ऑफिसमध्ये एक जागा निघाली. आमच्या पुण्याच्या टीमचं काम एका कोरियन क्लायंटसाठी चालतं, दोन्हीकडच्या लोकांमध्ये पूल म्हणून कोणीतरी हवं होतं. अट: लेव्हल तीन. मी परीक्षा दिली. ३००पैकी १२० लागतात. मला ११२. लिसनिंग ३८, रायटिंग २०, रीडिंग ५४. जागा एका लेव्हल चारवाल्या मुलीला मिळाली, बरोबरच मिळाली. पण आठ मार्क हो! नापास व्हायचं तर दणकून तरी व्हावं.

त्याच सुमारास एक लाजिरवाणा प्रकार झाला, तोही सांगतो, कारण तुमच्याकडून होईल. कॉलवर क्लायंटकडचे एक वरिष्ठ होते. मला त्यांना विचारायचं होतं, "तुम्ही फाइल पाहिलीत का?" डिक्शनरीत 'यू'चा आदरार्थी शब्द म्हणून 'दांगशिन' दिलेला. मी ठोकला. पलीकडे दोन सेकंद शांतता. नंतर त्यांच्याकडच्या एका मुलाने चॅटवर हळूच समजावलं: दांगशिन हा शब्द नवरा-बायको एकमेकांना म्हणतात, नाहीतर रस्त्यात भांडणारे लोक. म्हणजे मी भर मीटिंगमध्ये साहेबांना "अहो, ऐकलंत का?" केलं होतं. कोरियनमध्ये वरच्या माणसाला 'तुम्ही' म्हणतच नाहीत, हुद्दा म्हणतात आणि पुढे 'निम' लावतात. बुजांगनिम, म्हणजे विभागप्रमुखसाहेब. आपल्याकडे जुन्या पिढीत बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, गावात अजून लोक 'मास्तर', 'पाटील', 'सरपंच' अशीच हाक मारतात. मी थोडा जरी गावाकडच्यासारखा विचार केला असता तर चुकलो नसतो.

आता मुख्य गोष्ट. २०२३ची दिवाळी. गावी भातकाढणी चालू. दुपारी ओटीवर मी वही घेऊन बसलो होतो, पुन्हा परीक्षा द्यायची म्हणून व्याकरण घोटत. बहीण चहा घेऊन आली आणि वहीत डोकावली. मी लिहिलेलं होतं 'हे ब्वा', आणि समोर इंग्लिशमध्ये अडीच ओळींचं स्पष्टीकरण: क्रियापदाच्या मूळ रूपाला अमुक जोडून तमुक सहायक क्रियापद लावल्यास एखादी कृती प्रयोगादाखल करण्याचा अर्थ, वगैरे वगैरे. हे मी महिनाभर कार्डांवर घोकत होतो.

ती म्हणाली, "हे काय आहे?"

मी सांगितलं, 'हे' म्हणजे करणे, 'बोदा' म्हणजे बघणे, 'ब्वा' हे त्याचं रूप. पण दोन्ही एकत्र आले की अर्थ बदलतो, ते जरा ॲडव्हान्स्ड आहे.

"म्हणजे 'करून बघ' ना?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

मंडळी, विचार करा. करणे अधिक बघणे. 'करून बघ'मध्ये आपण तरी डोळ्यांनी कुठे काय बघतो? 'खाऊन बघ', 'विचारून बघ', 'बोलून बघ'. कोरियनमध्ये सेम टू सेम. 'मॉगॉ ब्वा' म्हणजे 'खाऊन बघ'. इंग्लिशमध्ये हे नाही, म्हणून इंग्लिश पुस्तकाला अडीच ओळी लागतात. आपल्याला एक शब्दही लागत नाही.

मग आम्ही दोघं वेड्यासारखे पानं उलटत बसलो. 'जुदा' म्हणजे देणे, आणि क्रियापदाला जोडलं की 'करून दे', 'वाचून दे', दुसऱ्यासाठी केलेलं काम. 'दुदा' म्हणजे ठेवणे, जोडलं की 'करून ठेव', 'लिहून ठेव'. 'बॉरिदा' म्हणजे टाकणे, कचरा टाकतो ते टाकणे, आणि जोडलं की 'खाऊन टाकलं', 'विसरून टाकलं'. तेच संपवून मोकळं झाल्याचं फीलिंग. ती प्रत्येक वेळी मी अर्थ सांगायच्या आधीच सांगायची. मला महिने लागले होते. तिचा चहा गार व्हायच्या आत चार क्रियापदं झाली.

वाक्यरचना घ्या. क्रियापद शेवटी, हे सगळ्यांना माहिती असतं. पण पुढे बघा. 'ऑजे सान छेक'. ऑजे म्हणजे काल, सान म्हणजे विकत घेतलेलं, छेक म्हणजे पुस्तक. 'काल घेतलेलं पुस्तक'. तीन शब्दांना तीन शब्द, त्याच क्रमाने. इंग्लिशमधून गेलात तर वाक्य आधी उलटं करायचं, 'दॅट'ने जोडायचं, मग परत सुलटं करायचं. 'ओन्दागो हेस्सॉयो' म्हणजे 'येतो म्हणाला'. 'बुथॉ' म्हणजे पासून, 'क्काजी' म्हणजे पर्यंत, दोन्ही शब्दाच्या मागे लागतात. 'माझ्याकडे गाडी आहे' यात आपण गाडी 'असते' म्हणतो, कोरियन माणूसही गाडी 'असते' असंच म्हणतो. आणि माझं आवडतं: 'उरी' म्हणजे आमचा. एकुलता एक मुलगाही 'उरी ऑम्मा' म्हणतो, 'आमची आई'. बायको 'उरी नाम्प्यॉन' म्हणते, शब्दशः 'आमचा नवरा'. इंग्लिश पुस्तकात यावर संस्कृती समजावणारी एक चौकट होती. अरे, आमच्याकडे अजून 'आमचे हे' चालू आहेत!

उच्चारात तर मला शाळेतले बाई आठवल्या. कोरियनमध्ये गुक म्हणजे रस्सा, मुल म्हणजे पाणी. एकत्र लिहितात गुक-मुल, पण म्हणतात 'गुङ्मुल'. पुस्तकात या बदलाचे नियम सारणीत दिले होते, मी त्या सारणीचा स्क्रीनशॉट वॉलपेपर करून ठेवला होता. वाक् अधिक मय, वाङ्मय. जगत् अधिक नाथ, जगन्नाथ. अनुनासिक संधी! नववीत दोन मार्कांना यायची.

शब्दसंग्रहातही तसंच. आपल्याकडे जसे संस्कृतमधून आलेले शब्द, तसे त्यांच्याकडे चिनी मुळांचे. 'हाक' म्हणजे विद्या. हाकसेंग विद्यार्थी, हाकग्यो शाळा. 'दे' म्हणजे मोठा, महा. मग 'देहाक' काय असेल? महाविद्यालय. आणि भात! इंग्लिशमध्ये सगळं 'राइस'. आमच्या मावळात शेतात उभं असतं ते भात, गोणीत असतो तो तांदूळ, ताटात येतो तो पुन्हा भात. कोरियनमध्येही तीन अवस्थांना तीन शब्द: ब्यॉ, स्साल, बाप. 'जेवलास का' विचारायचं तरी 'बाप मॉगॉस्सॉ?' म्हणजे भात खाल्लास का.

लगेच कोणी कमेंटमध्ये लिहू नका की कोरियन आणि मराठी बहिणी आहेत. नाहीत. मराठी इंडो-युरोपियन कुळातली, कोरियनचं घर वेगळं. ठेवण सारखी आहे, रक्त नाही. जिथे सारखी नाही तिथे आपटायला होतंच. 'उ' म्हणताना ओठ गोल न करता ताणायचे असा एक स्वर आहे, तो मला अजून धड जमत नाही. दाल, त्ताल, थाल हे तीन शब्द घ्या: चंद्र, मुलगी, मुखवटा. थाल सोपा, आपला थ. त्ताल म्हणजे 'पत्ता'मधला जोरकस त, तोही सोपा. पण चंद्रातला पहिला वर्ण 'द' आणि 'त'च्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो, तिथे मराठी कान फसतो. आकड्यांच्या तर दोन माळा आहेत: तीस मिनिटांना एक, तीन वाजण्याला दुसरी, आणि दोन्ही एकाच वाक्यात. त्यातली चिनी माळ मात्र सरळ, तेवीस म्हणजे 'दोन-दहा तीन'. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' आलं तेव्हा आपण केवढा गोंधळ घातला होता, मीही मीम फॉरवर्ड केले होते. कोरियन पोरं तसंच मोजतात आणि त्यांचं गणित काही बिघडलेलं नाही. सत्तावन्न की सत्तेचाळीस, हे मला अजून क्षणभर थांबून आठवावं लागतं. असो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. व्याकरणामुळे नाही. 'तुला झेपायचं नाही' हे आठवत होतं. तिच्याकडे इंग्लिश कमी होतं, हे मी अडचण म्हणून मोजलं होतं. आणि बिचारीने वर्षभर वाट बघितली, इंग्लिशचं स्पीकिंगचं पुस्तक आणून बसली होती, मी सांगितलं म्हणून.

हांगुलच्या इतिहासात एक प्रसंग आहे. सेजोंगने लिपी काढली कारण सामान्य लोकांना चिनी अक्षरं येत नव्हती, मनातलं लिहिता येत नव्हतं. १४४४ मध्ये चॉय माल्ली नावाच्या विद्वानाने आणि इतर काही पंडितांनी राजाला निवेदन दिलं की ही लिपी नको. मोठे अभ्यासू लोक होते, चिनी अक्षरांवर आयुष्य घातलेले. हे मी व्हिडिओत ऐकलं होतं तेव्हा म्हणालो होतो, काय बुरसटलेली माणसं! मग ओटीवर पडल्या पडल्या लक्षात आलं की फोनवर मी तिला जे सांगितलं ते चॉय माल्लींनी मान डोलावून ऐकलं असतं.

सकाळी तिला सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "जाऊ दे रे दादा, आता शिकव." तेव्हापासून मी तिला व्हॉइस नोट पाठवतो, रोज पाच मिनिटं, मराठीत. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये बसून. हा पॉडकास्ट त्यातूनच सुरू झाला, हे तुम्हाला आधी कधी सांगितलं नव्हतं.

पद्धत म्हणाल तर आता अशी आहे. वहीत डावीकडे हांगुल, उजवीकडे मराठी, मध्ये इंग्लिश नाही. प्रत्येक नवीन प्रत्ययाला पहिला प्रश्न: आपल्याकडे याला काय म्हणतात? बहुतेक वेळा काहीतरी असतं. नसेल तेव्हाच 'टॉक टू मी इन कोरियन'चे धडे किंवा नावेर डिक्शनरी उघडायची. सेजोंग फाउंडेशनचे ऑनलाइन कोर्स मोफत आहेत, तेही चांगले. अँकीवर रोज ३० कार्डं, जास्त नाही. मी एकदा १०० लावली होती, आठव्या दिवशी बंद पडलो. आणि ऐकणं. ऐकण्याला शॉर्टकट मला तरी सापडलेला नाही. एका मिनिटाची क्लिप घ्यायची, थांबवून थांबवून लिहून काढायची, मग त्याच लयीत बोलून बघायची. 'बोलून बघायची', बघा आलं परत.

२०२४ मध्ये मी परत टोपिक दिली. १४६. लेव्हल तीन मिळाली, चारला १५० लागतात. चार मार्क! माझं आणि या परीक्षेचं काहीतरी जुनं वैर आहे. ऑफिसातली ती जागा तर कधीच भरली गेली होती, त्यामुळे त्या सर्टिफिकेटचा मला आज थेट उपयोग शून्य आहे. शिवाय ते दोनच वर्षं चालतं.

बहिणीने यंदा टोपिकच्या पहिल्या पेपरचा फॉर्म भरलाय. काकांनी मला फोन करून विचारलं, "याने नोकरी लागेल का? तळेगावला ह्युंदाईने कारखाना घेतलाय ना, रांजणगावला एलजी आहे." मी हो म्हणू शकलो नाही. लेव्हल दोनवर कोणी दुभाषी होत नाही, त्यासाठी माझ्या मते पाच-सहा तरी लागते, आणि तिथे पोचायला अजून बरीच वर्षं. मी तसंच सांगितलं. काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फी भरलीये मी. देऊ दे तिला."

काल रात्री तिची व्हॉइस नोट आली. माझ्या मागच्या भागातला तो ताणलेल्या ओठांचा स्वर चुकलाय म्हणे, मी सरळ 'उ' म्हणालोय, आणि लोक ते ऐकून तसंच शिकतील. तीन वेळा म्हणून दाखवला तिने. मी पाच वेळा ऐकला. तिचा बरोबर आहे. त्यामुळे मागच्या भागातली बाराव्या मिनिटापासूनची दीड मिनिटं मी परत रेकॉर्ड करतोय, उद्या संध्याकाळपर्यंत बदललेली फाइल टाकतो. ज्यांनी जुनी डाउनलोड केलीये त्यांनी कृपया ती काढून टाका.